रविवार पेठेतलं सोया वॅक्स मेल्टचं किट: माल चांगला, सूचनांचा कागद चुकीचा

वॅक्स मेल्ट म्हणजे बर्नरवर वितळवून खोलीत वास दरवळवायची, बिनवातीची सुगंधी मेणाची वडी. ती घरी करायच्या या किटात ५०० ग्रॅम सोया वॅक्सचे (सोयाबीनच्या तेलापासूनच्या मेणाचे) फ्लेक्स, मोगरा आणि व्हॅनिला अशा सुगंधी तेलांच्या २५ मिलीच्या दोन बाटल्या, सहा खणांचा सिलिकॉनचा साचा आणि घडी घातलेला सूचनांचा कागद येतो. मेण स्वच्छ आहे, त्याला स्वतःचा तेलकट वास नाही. मोगरा तर उत्तम. कागद तेवढा बाजूला ठेवा.

कागद सांगतो, १०० ग्रॅम मेणाला १५ ते २० थेंब तेल. वीस थेंब म्हणजे साधारण १ मिली, म्हणजे जेमतेम एक टक्का. सोया वॅक्सला वजनाच्या ६ ते १० टक्के तेल लागतं. 'वास येतच नाही' ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच सुरू होते. ८ टक्क्यांनी २५० ग्रॅम मेणाला २० ग्रॅम तेल बसतं, म्हणजे दोन बाटल्या पूर्ण ५०० ग्रॅमला सहज पुरतात. किट भरणाऱ्याला हिशेब माहीत होता, कागद लिहिणाऱ्याला नव्हता!

तेल मिलीत मोजू नका, काट्यावर तोला. प्रत्येक तेलाची घनता वेगळी असते, त्यामुळे २० मिली म्हणजे २० ग्रॅम असेलच असं नाही. आणि जास्त घातलं की जास्त दरवळतं असंही नाही. मेणाला पेलवेल त्यापेक्षा जास्त झालेलं तेल वडीच्या पृष्ठभागावर थेंब थेंब सुटतं, वडी बुळबुळीत होते आणि डबीला तेल लागतं.

दुसरी चूक तापमानाची. 'तेल ५० अंशांना घाला, नाहीतर सुगंध उडून जाईल' असं छापलंय. ५० अंशांना बरंचसं सोया वॅक्स थिजायच्या बेतात असतं, तेल नीट मिसळत नाही आणि तळाशी बसतं. मेण डबल बॉयलरवर, म्हणजे गरम पाण्याच्या पातेल्यावर ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात, ८० ते ८५ अंशांपर्यंत न्या, खाली उतरवा आणि लगेच तेल घाला. सुरुवातीला मेणात पाकासारख्या तारा फिरताना दिसतात. त्या पूर्ण नाहीशा होऊन मेण नितळ होईपर्यंत, म्हणजे दोनेक मिनिटं, सावकाश ढवळा. फेटू नका, बुडबुडे धरतात. खालच्या पातेल्यातलं पाणी खळखळू देऊ नका. मेणात पाण्याचा थेंब गेला की वडीत पांढरे डाग आणि पोकळ्या राहतात.

फ्लॅश पॉइंटची भीतीही त्या कागदावर आहे. एखाद्या तेलाचा फ्लॅश पॉइंट ६५ अंश असेल, तर त्या तापमानाला सुगंध संपतो असं नाही. त्याची वाफ ज्योतीजवळ पेट घेऊ शकते, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून तेल घालताना गॅस बंद हवा आणि भांडं शेगडीपासून दूर. किटात थर्मामीटर नाही, ही खरी उणीव. तो वेगळा घ्याच.

ओतायचं ६० ते ६५ अंशांना. सिलिकॉनचा साचा याहून जास्तही सोसतो, पण पातळ पारदर्शक प्लास्टिकच्या डब्यांत गरम मेण ओतलं तर त्या वाकतात. सिलिकॉनमध्ये वास मुरतो, तेव्हा मोगऱ्याचा साचा मोगऱ्यालाच ठेवलेला बरा.

व्हॅनिलाबद्दल आधीच सांगून ठेवतो: वड्या काही दिवसांत पिवळट, मग तपकिरी होतात. त्यातल्या व्हॅनिलिनमुळे हे होतं, माल खराब नाही. पांढऱ्या वड्या हव्या असतील तर मोगराच वापरा. वड्यांवर पांढरी बुरशीसारखी नक्षी उठली तर ते सोया मेणाचे स्फटिक. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत गार स्वयंपाकघरात ओतलं की हमखास दिसतात. सुगंधाला काही फरक पडत नाही.

उन्हाळ्यात प्रश्न उलटा. पाकिटावर नुसतं 'सोया वॅक्स' लिहिलंय, प्रकार नाही. हे मेण नखाने सहज दबतं, म्हणजे बरणीतल्या मेणबत्तीचं मऊ मेण असावं. एप्रिल-मेमध्ये पोटमाळ्यावर ठेवलेल्या वड्या मऊ पडून एकमेकींना चिकटतील. विकायला करणार असाल तर दुकानात पिलर प्रकारचं (बरणीशिवाय उभ्या राहणाऱ्या मेणबत्त्यांचं, कडक) सोया वॅक्स मागा, साच्यातून निघतंही सहज.

बाटल्यांवर कमाल प्रमाण लिहिलेलं नाही. दुकानदाराकडे तेलाचं इफ्रा (सुगंध उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना) प्रमाणपत्र मागा, कुठल्या वापरात किती तेल चालतं ते त्यात असतं. मेणबत्ती आणि वॅक्स मेल्टसाठी त्यातला १२ वा वर्ग बघायचा. दुकानात याच फडताळावर डिफ्यूझरची पाण्यात मिसळणारी तेलं असतात. ती मेणात मिसळत नाहीत, अल्कोहोलचा परफ्यूमही नाही.

वड्या झाल्या की बंद डब्यात निदान आठवडाभर, जमलं तर दोन आठवडे मुरू द्या. दुसऱ्याच दिवशी बर्नरवर ठेवून 'वास कमी' असा निकाल देऊ नका.

पुढच्या वेळी किट न घेता मेण आणि तेल सुटं घेतलेलं परवडतं. किटात जास्तीचं मिळतं ते साचा आणि तो कागद. वास संपलेलं मेण गरम असतानाच कापसाने टिपून काढा, बेसिनमध्ये ओतू नका, पाइपात थिजून बसतं.