वनवास, शाळा, कोसला : नववीतल्या भाच्यासाठी घेतलेली तीन पुस्तकं

भाचा यंदा नववीत गेला. इंग्लिश मीडियम आहे, मराठी वाचतो पण जोडाक्षर आलं की गाडी स्पीडब्रेकरवर येते तसा स्लो होतो. त्याच्या वाढदिवसाला ताई म्हणाली हेडफोन दे, मी म्हटलं हेडफोन त्याचा बाप देईल, मी पुस्तकं देणार. मग मुद्दाम वयाच्या चढत्या क्रमाने तीन घेतली. प्रकाश नारायण संतांचं 'वनवास', त्यातला लंपन लहान, शाळकरी. मिलिंद बोकिलांचं 'शाळा', त्यातला मुकुंद जोशी नववीत. आणि नेमाड्यांचं 'कोसला', त्यातला पांडुरंग सांगवीकर पंचवीस वर्षांचा. म्हणजे पोरगा दहा वर्षं पुरवून पुरवून वाचेल असा माझा हिशोब.

आधी डिलिव्हरीचं सांगते. ऑनलाइन मागवली होती, बॉक्स एवढा मोठा की त्यात मिक्सर बसेल आणि आत तीन पुस्तकं मोकळी खुळखुळत होती, त्यामुळे कोसलाचा कोपरा दुमडून आला. रिटर्नच्या भानगडीत पडले नाही, इस्त्रीच्या कपड्यांच्या गठ्ठ्याखाली दोन दिवस ठेवलं, थोडं सरळ झालं. पॅकिंगला पाचपैकी दोन तारे, आता पुस्तकांचं बोलू.

'वनवास' ही कादंबरी नाही, कथा आहेत, कुठूनही उघडा. 1994 साली आलं आणि मग लंपनची अजून तीन आली, 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर'. लंपनला आईबाबांपासून लांब आजी-आजोबांकडे आणून ठेवलंय, का ते त्याला कोणी नीट समजावून सांगत नाही, मोठी माणसं कुठे सांगतात. भाषा बेळगावकडची, कानडी हेलाची, आणि जे काय भारी किंवा विचित्र असेल ते सगळं 'मॅड'. भाच्याने आधी लंपनची सिरीज बघितली होती, तीच ती 2024 सालची, निपुण धर्माधिकारीची, गोव्याच्या इफ्फी फिल्म फेस्टिव्हलमध्ये बेस्ट वेब सिरीजचं अवॉर्ड मिळालेली, त्यामुळे त्याला आजी-आजोबांचे चेहरे आयतेच मिळाले, गीतांजली कुलकर्णी आणि चंद्रकांत कुलकर्णी. मला आधी वाटलं की हे बरं नाही, पण त्याचं वाचन त्यामुळेच पुढे सरकलं, तेव्हा मी गप्प बसले. एक गोष्ट मी त्याला मुद्दाम सांगितली, की हे लिहिणारे संत म्हणजे कवयित्री इंदिरा संतांचा मुलगा, पण आजोळी दत्तक गेल्यामुळे कागदोपत्री त्यांचं नाव भालचंद्र गोपाळ दीक्षित, आणि नोकरी कराडला, भूगर्भशास्त्र शिकवायची. म्हणजे एका घरचं नाव कागदावर, दुसऱ्या घरचं पुस्तकावर. भाचा म्हणाला, "म्हणजे दोन आयडी?" हो बाबा, दोन आयडी.

पण त्याला खरं लागलं ते 'शाळा'. लागणारच, वयच तेच. आमच्या ओळखीत या पुस्तकाला सगळे 'ती शाळेतली लव्हस्टोरी' म्हणतात, सुजय डहाकेच्या पिक्चरमुळे असेल, आणि मीसुद्धा कॉलेजमध्ये तसंच वाचलं होतं. आता चाळिशीत परत वाचताना वाटलं की लव्हस्टोरी त्यात आहेच पण ती निमित्ताला, मेन भानगड वेगळीच आहे. हा मुकुंद जोशी एकच मुलगा नाही, तीन-चार आहेत. सुऱ्या, चित्र्या, फावड्या यांच्याबरोबर अर्धवट बांधकाम झालेल्या बिल्डिंगमध्ये बसला की एक भाषा, तिथे कोणाची लाईन कोणावर याचीच चर्चा आणि सुऱ्याचं ते पालुपद, 'इचिभना'. घरी आईसमोर दुसरी, एकदम सोज्वळ. नरूमामाबरोबर तिसरी, कारण मामा त्याला मोठ्या माणसासारखं वागवतो. आणि त्याला आवडणारी शिरोडकर समोर आली की कुठलीच नाही, तोंडच उघडत नाही. पोरगा दिवसभर या सगळ्यांतून ये-जा करत असतो आणि यातला मी नक्की कुठला हे त्याला कोणी विचारत नाही, तो स्वतःपण विचारत नाही, तेच मला या पुस्तकात सगळ्यात भारी वाटतं, कुठेही भाषण नाही.

हे मला वाचून कळलं असं म्हणायला हरकत नाही पण खरं तर भाच्याला बघून कळलं. गेल्या महिन्यात तो आमच्याकडे राहायला होता. रात्री हेडफोन लावून (बापाने दिलेच शेवटी) मित्रांबरोबर गेम खेळत होता, तोंडात असे शब्द की मी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघितलं हाच का तो. तेवढ्यात आजीने आतून हाक मारली, दूध घेतलंस का रे. याने अंगठ्याने म्यूट दाबलं, "हो आजी, घेतो हं" असं लोण्यासारखं बोलला, परत अंगठा, अनम्यूट, आणि मगाचं वाक्य जिथे सोडलं होतं तिथून पुढे, शिवीच्या मधूनच. दोन सेकंदात. मुकुंद जोशीकडे म्यूटचं बटण नव्हतं एवढाच काय तो फरक.

त्याला जे अडलं ते पण सांगते, कोणी मुलांसाठी घेणार असाल तर उपयोगी पडेल. एक म्हणजे आणीबाणी. गोष्ट 1975-76 ची आहे, मोठी माणसं त्याबद्दल बोलत असतात आणि मुलांना त्याचं फार सोयरसुतक नाही, पण आजच्या मुलाला आणीबाणी हा शब्दच मुळात माहीत नसतो, त्यामुळे आधी पाच मिनिटं घ्या आणि सांगा. दुसरं, मुलींना आडनावाने ओळखणं. शिरोडकर म्हणजे मुलगा की मुलगी हेच याला चार पानं कळेना. भाच्याच्या वर्गात सगळे पहिल्या नावाने, सरांना पण फारसं आडनाव माहीत नसतं म्हणे. आणि तिसरं, एवढं सगळं होऊन जोशी आणि शिरोडकर नीट बोलतात तरी किती, याचा त्याला वैताग. "मेसेज करायचा ना" म्हणाला आणि मग स्वतःच हसला.

'कोसला' आता वाचायला दिलं नव्हतं, पण कपाटातून काढून सुरुवातीची पाच-दहा पानं वाचली आणि तेव्हापासून घरात उच्छाद. "मावशी, मला उदाहरणार्थ भूक लागली वगैरे." 1963 चं पुस्तक आहे, नेमाडे स्वतः पंचविशीत होते लिहिताना, आणि साठ वर्षांनंतर एका इंग्लिश मीडियमच्या पोराच्या तोंडात पांडुरंगचं ते 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' असं चिकटतं म्हणजे काहीतरी आहे त्यात. पण पुढचं एवढ्यात वाचू नकोस म्हटलं. खानदेशातून पुण्याला आलेला पांडुरंग, ते हॉस्टेल, ती मेस, बापाच्या पैशाचा धुरळा, ते सगळं हसत हसत वाचता येतं, मात्र धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते ती पानं मी आजही सलग वाचू शकत नाही. तिथे त्याचं 'वगैरे' पण त्याला वाचवत नाही. आणि हो, मधे मधे कंटाळा येतो, खोटं कशाला बोलू, काही पानं मी दोन्ही वेळा चाळलीच.

तारे द्यायचे तर वनवास साडेचार, शाळा पाच, कोसला चार पण वीस वर्षांच्या पुढच्यांना पाच. आणि तिन्हींचा मिळून एक तारा मी मनातल्या मनात कापते, कारण तिन्हीकडे पोरगाच सांगतोय. लंपनची सुमी, जोशीची शिरोडकर, पांडुरंगची मनी, तिघी बाहेरूनच दिसतात. शिरोडकर घरी गेल्यावर आरशासमोर काय करत होती, तिच्या आईसमोर तिची भाषा कुठली, हे कोणी लिहिलं असतं तर मी आधी ते घेतलं असतं. मला पण शाळेत आडनावानेच ओळखायचे आणि एक मुलगा अख्खं वर्ष सायकलची चेन पडल्याचं नाटक आमच्याच गेटसमोर करायचा. त्याने त्याच्या मित्रांना काय काय सांगितलं असेल ते मला 'शाळा' वाचून कळलं. मला त्या वर्षी काय वाटत होतं ते त्याला कुठून कळणार.

पुस्तक संपवलं त्या रात्री भाचा पांघरुणातून म्हणाला, "मावशी, शिरोडकरचं पुढे काय झालं असेल?" मी म्हटलं 75 साली नववीत म्हणजे आता पासष्टीची झाली असेल, तुझ्या आजीपेक्षा चार-पाच वर्षांनी लहान.

"गप गं," म्हणाला आणि कूस बदलून झोपला.