वहीतली यादी की सकाळचं ‘मोदे अनी’?
दारू सोडलेल्या ज्यू माणसाला आभार मानायच्या दोन वाटा असतात. एक, रात्री वहीत दिवसभरातल्या चांगल्या गोष्टी लिहायच्या. सवय मुरली की वही फार कामाची. पण वाईट दिवशी पान कोरंच राहतं.

दुसरी वाट ‘मोदे अनी’. जाग येताच, अंथरुणातच म्हणायची हिब्रू प्रार्थना, अवघ्या १२ शब्दांची: माझा जीव मायेने परत दिलास, मी आभारी आहे. त्यात ‘आभारी’ आधी येतं, ‘मी’ नंतर. देवाचं नाव हात धुतल्यावरच घ्यायचं असतं; इथे ते नसल्याने ती हात न धुताही म्हणता येते. काल पाय घसरला असला, तरीही! सुरुवातीच्या थरथरत्या दिवसांसाठी मी हीच सुचवेन. शेवटचा शब्द ‘एमुनातेखा’, तुझा विश्वास. देवाचा माणसावरचा विश्वास, असाही त्याचा अर्थ लावतात.