बेळगावच्या मासळी बाजारातली कुर्ली: घ्यायची तर जिवंतच

घाट चढून आलेली कुर्ली, म्हणजे खाऱ्या पाण्यातला खेकडा, बेळगावात चांगली मिळते, पण एकाच जातीची. कारवार, गोवा, मालवण, कुठूनही आणा, वाट शंभर किलोमीटरच्या वरचीच. ही वाट कोण सोसणार, ते ज्याच्या त्याच्या राहण्याच्या जागेवर ठरतं.

काळपट हिरवी, जाड नांग्यांची कुर्ली खाडीतली. खारफुटीच्या चिखलात बीळ करून राहते, ओहोटीला पाणी ओसरलं तरी तिचं अडत नाही. कल्ले ओले राहिले की दोन-तीन दिवस आरामात काढते. म्हणून ओल्या गोणपाटात, नांग्या बांधून, ती जिवंत पोचते. निळी किंवा पाठीवर तीन ठिपके असलेली समुद्रातली. पाण्याबाहेर ती लवकर मरते, म्हणून बर्फातच येते. मेल्यावर पोटातले पाचक रस गरात उतरतात आणि शिजवल्यावर तो पिठूळ लागतो. स्वस्त दिसते ती हीच, आणि गिऱ्हाईक फसतं ते इथेच.

फरक कवचाच्या कडेवर पाहा. दोन्हींना एकेका बाजूला नऊ काटे. खाडीच्या कुर्लीचे साधारण सारखे. समुद्रातलीचा शेवटचा काटा लांब, आडवा बाहेर आलेला. मागचे दोन पाय दोन्हींचे वल्ह्यासारखे चपटे. जांबोटी-कणकुंबीकडच्या ओढ्यातल्या खेकड्याचे सगळेच पाय टोकदार असतात. तो चवीला उत्तम, पण कुर्लीच्या भावाने घ्यायचा नाही.

आता निवड. उलटी करून बघा: पोटावरचं झाकण निमुळतं असेल तर नर, रुंद गोल असेल तर मादी. नांग्यांच्या गरासाठी नर, लाखेसाठी, म्हणजे आतल्या केशरी अंड्यांसाठी, मादी. मग मागच्या पायाजवळ पोटाकडचं कवच अंगठ्याने दाबा. दबलं तर नुकतीच कात टाकलेली आहे, आत गर कमी आणि पाणी जास्त. लोक चकचकीत कवच बघून उचलतात. उचलायची ती मळकट, नांग्यांचे दात झिजलेली आणि हाताला जड लागणारी. अमावास्येची भरलेली असते असं विक्रेते सांगतात, पण अंगठा जास्त खरं बोलतो. झाकणाखाली अंड्यांचा पुंजका बाहेर दिसणारी मादी घेऊ नये.

सेवेबद्दल: काही गाळ्यांवर नांग्या जाड ओल्या सुंभाने बांधतात आणि सुंभही कुर्लीच्या भावाने तोलतात. दोरी सोडायला लावू नका, नांगी बोट फोडते. तेवढंच सुंभ दुसऱ्या पारड्यात टाकायला सांगा. साफ झटपट करून देतात, पण नळाखाली धरतात आणि आतला पिवळा भाग, म्हणजे अर्धी चव, वाहून जाते. कल्ले तेवढे काढा, धुऊ नका, असं आधीच सांगावं. बारीक पायही मागून घ्या. वाटून गाळले की रश्शाला तोच दाटपणा.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. तेव्हा पाटीवर निळी दिसली तर किती दिवसांची बर्फातली, हे विचाराच. खाडीतली मिळत राहते.

घरी साफ करायची असेल तर आधी अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवून सुस्त होऊ द्या. जिवंत उकळत्या पाण्यात टाकली की पाय गळतात. तुकडे वाटणात घातल्यावर उकळीनंतर 12 ते 15 मिनिटं पुरतात. त्यापुढे गर आक्रसून कवचाला धरून बसतो.