आश्रमशाळेत पीएचक्यू-९: शून्य गुणांवर लगेच विश्वास ठेवू नका

पानभर कागद, पाच मिनिटं, खर्च झेरॉक्सचा, छापायला परवानगीची भानगड नाही. पीएचक्यू-९, म्हणजे नैराश्याची चाचपणी करणारा नऊ प्रश्नांचा फॉर्म, शिबिरवाल्यांना आवडतो तो यामुळे. मागच्या दोन आठवड्यांत नऊ त्रास किती दिवस झाले ते विचारायचं. प्रत्येकी ० ते ३, एकूण २७ गुण. १० किंवा जास्त आले तर मुलाशी निवांत बोलून तपासायचं. मुलांसाठी किशोरांची आवृत्तीच घ्या. मोठ्यांच्या फॉर्मात एकाग्रतेच्या प्रश्नाला वर्तमानपत्र आणि टीव्हीचं उदाहरण आहे, किशोरांच्या फॉर्मात शाळेचा अभ्यासही आहे.

फॉर्म चांगलाच आहे. घोळ होतो तो भरून घेताना. सभागृहात ६० मुलं बसवली, नाव-इयत्ता लिहायला लावली आणि कागद गोळा करायला अधीक्षक उभे राहिले, की शून्यांची रास पडते. मुलं खोटारडी नसतात. कागद कोणाच्या कपाटात जाणार, हे त्यांना बरोबर कळतं. म्हणून कागदावर नावाऐवजी क्रमांक, नावांची यादी फक्त समुपदेशकाकडे, शाळेची माणसं खोलीबाहेर, आणि एका वेळी सहा-आठच मुलं. पण ‘कोणालाच सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. लैंगिक अत्याचार पुढे आला तर २०१२च्या पॉक्सो कायद्याने तो कळवावाच लागतो.

दुसरी अडचण भाषेची. घरी माडिया, कोरकू किंवा कोलामी बोलणाऱ्या पोराला ‘निरुत्साह’ हा शब्द पुस्तकी वाटतो. ‘करमत नाही’, ‘जीव घाबरते’, ‘डोकं जड पडते’ हे लगेच कळतं. प्रश्न मोठ्याने वाचा. दोन आठवडे म्हणजे मागच्याच्या मागच्या बाजारापासून. उत्तरांतल्या ‘निम्म्याहून जास्त दिवस’ या पर्यायावर बहुतेक मुलं अडतात. १४ चिंचोके पुढ्यात ठेवून त्रासाचे दिवस बाजूला काढायला सांगा. आठ किंवा जास्त निघाले की २, जवळपास सगळेच निघाले की ३.

उलट्या बाजूची चूकही होते. झोप, थकवा आणि भूक यांचे तीन प्रश्न आहेत. सिकलसेल, अ‍ॅनिमिया किंवा नुकताच मलेरिया झालेलं पोर उदास नसतानाही तिथेच ९ गुण घेऊन बसतं. म्हणून पहिले दोन प्रश्न, रस न वाटणं आणि उदासी, वेगळे पाहा. दोन्हींत ० किंवा १ असेल तर आधी हिमोग्लोबिन करा.

२००१च्या मूळ अभ्यासात १० या मर्यादेला संवेदनशीलता (आजारी असलेल्यांपैकी किती सापडतात) आणि विशिष्टता (निरोगींपैकी किती बरोबर सुटतात) दोन्ही ८८ टक्के आली होती. तेही दवाखान्यात आलेल्या प्रौढांमध्ये. तरी तोच आकडा धरू. २०० मुलांत खरोखर आजारी २० असतील, तर १७-१८ सापडतील, आणि निरोगी १८० पैकी २१-२२ जणांवरही खूण होईल. म्हणजे निम्म्याहून जास्त खुणा फुकट. अहवालात ‘४० मुले नैराश्यग्रस्त’ असं लिहिणाऱ्यांना हे कोणी तरी सांगायला हवं.

सोबतीला एसडीक्यूचा, म्हणजे मुलांच्या भावना आणि वागणुकीच्या प्रश्नावलीचा, विचार करत असाल तर त्यात २५ विधानं आहेत, काळ सहा महिन्यांचा, आणि ११ ते १७ वर्षांची मुलं तो स्वतः भरतात. शब्द बदलायला मात्र मनाई आहे. त्याची एक गंमत: कंटाळलेल्या पोराने सगळीकडे मधल्याच ‘थोडंफार खरं’वर टिक केली, तर त्रासाची बेरीज (२५ पैकी २० विधानांची, प्रत्येकी १) बरोबर २० होते, आणि जुन्या निकषांत ‘असामान्य’ गट तिथूनच सुरू होतो. पाच प्रश्न उलटे मोजायचे असल्याने हाताने बेरीज करतानाही चुका होतात. शिक्षकांचा फॉर्म जोडला तर उपयोग वाढतो.

नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे शून्याखेरीज काहीही असलं तर बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी, त्याच आवारात मुलाशी एकट्याने बोला. धारणी किंवा भामरागडहून जिल्हा रुग्णालय गाठायला दिवस जातो, म्हणून गाडी आणि मानसोपचार तज्ज्ञाची वेळ आधीच ठरवून ठेवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही. वसतिगृहात रेंज कुठल्या कोपऱ्यात येते, ते फॉर्म वाटण्याआधी पाहून घ्या.