शेल्टरिन बघायला पीडीबी: माल अस्सल, पाट्या फसव्या

टेलोमियरची, म्हणजे गुणसूत्राच्या टोकाच्या डीएनएची, राखण करणाऱ्या सहा प्रथिनांचं (टीआरएफ१, टीआरएफ२, रॅप१, टिन२, टीपीपी१, पॉट१), म्हणजे शेल्टरिनचं, पाठ्यपुस्तकातलं चित्र ठरलेलं असतं: गुणसूत्राच्या टोकाला चिकटलेले सहा रंगीत लाडू. कोण कुणाला धरून आहे एवढं त्यातून कळतं, कसं धरलंय ते नाही. ते बघायचं तर प्रोटीन डेटा बँक, म्हणजे पीडीबी, प्रथिनांच्या त्रिमितीय रचनांचा ऑनलाइन संग्रह. १९७१पासून चालू आहे, पूर्ण मोफत आहे, लॉगिन लागत नाही, आणि मॉलस्टार हा व्ह्यूअर ब्राउझरमध्येच उघडतो. हा रिव्ह्यू फक्त या एका कामापुरता.

पहिला फटका सर्चमध्येच बसतो. नुसतं टीपीपी१ टाकलंत तर लायसोसोममधलं ट्रायपेप्टिडिल पेप्टिडेज समोर येतं, कारण ते नाव अधिकृतपणे त्याच्या जनुकाचं आहे. टेलोमियरवाल्या टीपीपी१चं जनुक एसीडी. रॅप१ टाकलं की रास कुळातली जीटीपीएज ही भलतीच प्रथिनं येतात. हवं असतं टीईआरएफ२आयपी. टिन२ला टीआयएनएफ२ म्हणून शोधायचं, टीआरएफ१ आणि टीआरएफ२ला टीईआरएफ१ आणि टीईआरएफ२. पॉट१ तेवढं सरळ. गाळणीत होमो सेपियन्स लावायला विसरू नका. यीस्टचं रॅप१ स्वतः डीएनएला धरतं, माणसाचं मात्र टीआरएफ२ला धरून राहतं. उंदरात तर पॉट१ एक नाही, दोन आहेत. गाळणी न लावता चुकीची फाइल उघडली, तर प्रथिनाच्या कामाबद्दलच गैरसमज होतो.

सुरुवात १एक्सजेव्ही या नोंदीपासून करावी (टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं). २००४ची रचना, १.७३ अँगस्ट्रॉम इतक्या बारकाव्याची, आणि आमच्या मते या सगळ्या संग्रहातली सर्वांत शिकवून जाणारी. थ्रीडी व्ह्यू उघडा, पाण्याचे रेणू लपवा. पॉट१च्या दोन ओबी घड्या (एकेरी डीएनए धरणारे गोळाबंद भाग) आणि त्यांच्यात एकेरी डीएनएचं दहा अक्षरांचं टोक दिसेल: टीटीएजीजीजीटीटीएजी. पहिल्या घडीत पहिली सहा अक्षरं, दुसरीत उरलेली चार, आणि दोन्हींच्या मध्ये डीएनए झटकन वळतो. आता शेवटच्या जी-वर क्लिक करा. भोवतालची अमिनो आम्लं उजळतात आणि ते टोक दुसऱ्या घडीच्या खोबणीत कसं गाडलंय ते दिसतं. असं गाडलेलं टोक टेलोमरेजच्या, म्हणजे टेलोमियर लांबवणाऱ्या एन्झाइमच्या, हाती लागत नाही. एकेरी डीएनए असा व्यापलेला राहिला की आरपीए (एकेरी डीएनएला चिकटणारं प्रथिन) तिथे बसत नाही आणि डीएनएची इजा कळवणाऱ्या एटीआर या एन्झाइमची धोक्याची घंटाही वाजत नाही.

तिथून लगेच वरच्या सीक्वेन्स पट्टीत ८९, ९४ आणि २७३ हे क्रमांक निवडा. वंशपरंपरेने मेलानोमा येणाऱ्या कुटुंबांमध्ये २०१४ साली जे पॉट१ बदल सापडले, त्यांतले तीन या जागांवर आहेत, आणि तिन्ही डीएनएला लागून. दहा पानं वाचून जे डोक्यात शिरत नाही ते इथे दोन मिनिटांत शिरतं.

पण या फाइलवरून पॉट१ला फक्त अडवणारा समजू नका. टीपीपी१बरोबर जोडी जमली की टेलोमरेज न सुटता जास्त फेऱ्या मारतं. टीपीपी१ला धरणारं पॉट१चं मागचं टोक इथे मुळातच नाही. शिवाय दुहेरी आणि एकेरी डीएनएच्या सांध्यावरचा ५′ (फाइव्ह प्राइम) टोकाचा फॉस्फेट धरणारा पॉट१चा खळगा २०२३मध्ये समोर आला. १एक्सजेव्हीत डीएनए एकेरीच असल्याने तो रिकामा दिसतो.

दुहेरी डीएनएसाठी १डब्ल्यू०टी उघडा: टीआरएफ१चा डीएनए धरणारा मिब भाग, तीन हेलिक्सचा. तिसरा हेलिक्स मोठ्या खाचेत बसतो, पुढची शेपटी लहान खाचेत शिरते. एवढं पुरे. मात्र टीआरएफ१ची जोडी जमवणारा टीआरएफएच भाग या फाइलमध्ये नाही, त्यामुळे त्यात डायमर (दोन रेणूंची जोडी) शोधत बसू नका. टीआरएफ२चा तो भाग १एच६पीत आहे. तिथे असेंब्ली १ (रेणूंची प्रत्यक्षातली जुळणी) निवडली की जोडी नीट दिसते.

आता सर्वांत जास्त वेळ खाणारी भानगड: क्रमांक. जुन्या शोधनिबंधांत टीआरएफ२ हे ५०० अमिनो आम्लांचं, युनिप्रॉट या प्रथिन-क्रमांच्या संग्रहातल्या सध्याच्या नोंदीत ५४२चं. फरक सुरुवातीच्या ४२चा. म्हणजे निबंधातलं फेनिलअलॅनिन १२० तिथे १६२ होतं. टीपीपी१चंही तेच: ५४४चं लांब रूप आणि ८७व्या मेथिओनिनपासून सुरू होणारं ४५८चं आखूड रूप. टेलोमरेजला बोलावणारी टेल-पट्टी निबंधांत १६९ आणि १७१ या ग्लुटामेटांनी ओळखतात, पण तो हिशेब लांब रूपाचा. म्युटंट (एखादं अमिनो आम्ल बदललेलं प्रथिन) बनवायला प्रायमर, म्हणजे त्यासाठीचे डीएनएचे छोटे तुकडे, मागवण्याआधी अलीकडची-पलीकडची पाच अक्षरं ताडून बघा. नुसत्या आकड्यावर भरवसा ठेवलात तर भलतंच अमिनो आम्ल बदलून बसाल.

तक्रार एकच, आणि ती पीडीबीची चूकही नाही: अखंड शेल्टरिन, सहाही प्रथिनं अणूअणूसह, इथे मिळत नाही. घट्ट भागांना जोडणारे दुवे इतके ढिले आहेत की ते स्फटिकात बसत नाहीत. म्हणून टिन२ आणि टीआरएफ१ची गाठ बघायला ३बीक्यूओ उघडलं, तर टिन२चा जेमतेम एक छोटा पेप्टाइड दिसतो. २०२२च्या क्रायो-ईएम (गोठवलेल्या नमुन्यांची इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी) रचनांत टीपीपी१ आणि पॉट१ टेलोमरेजसकट दिसतात. त्या जरूर बघा, पण जड आहेत, जुन्या लॅपटॉपवर कार्टून रूपातच ठेवा. टी-लूप, म्हणजे टेलोमियरच्या टोकाचा वळवलेला फास, शोधू नका. हजारो अक्षरांचा तो फास १९९९मध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दिसला, तो अशा फाइलीत मावणारा नव्हे.

पोकळी भरायला सर्चमध्येच संगणकी मॉडेलांचं बटण आहे, ते चालू केलं की अल्फाफोल्ड या एआय प्रणालीने भाकीत केलेली मॉडेलंही येतात. रंग बघूनच वापरा: गडद निळा भाग भरवशाचा, नारिंगी शेवया म्हणजे भरवशाचा गुण ५०च्या खाली. त्या शेवयांचा आकार खरा धरून डॉकिंग (संगणकावर रेणू एकमेकांत बसवून बघणं) करणं म्हणजे वाळूवर भिंत. त्या मॉडेलांत डीएनए नसतो, शेजारचं प्रथिनही नसतं. पोस्टरसाठी चित्र काढताना नारिंगी भाग लपवा किंवा तुटक रेषेने दाखवा.