जुन्या पिकअपला चोरीपासून जपायला लावलेलं सामान: वर्षभर वापरल्यावरचा अनुभव

माझी पिकअप 2010 ची. मुरूडकडच्या आमच्या गावातून लातूरला भाजीपाला, हंगामात मोंढ्यावर, म्हणजे धान्याच्या बाजारात, सोयाबीन आणि तूर, मधल्या दिवसांत कडबा, सिमेंट, मंडपाचं सामान, जे भाडं लागेल ते. हप्ते कधीच फिटलेत. इंजिन एकदा उतरवून केलंय, हौद्याला नवा पत्रा मारलाय. विकायला काढली तर हाती फार काही पडणार नाही, पण चोरीला गेली तर तेवढ्या पैशात दुसरी उभी राहणार नाही आणि नव्या गाडीचे नऊ-दहा लाख आमच्याकडे नाहीत. घर तिच्यावर चालतं. शेजारच्या गावातली अशीच एक जुनी पिकअप पावसाळ्याच्या तोंडावर रात्रीतून गेली ती गेलीच. तेव्हापासून एकेक वस्तू लावत गेलो. वर्षाच्या आसपास झालंय, सगळे ऋतू पाहून झालेत, म्हणून लिहितोय.

जुनी गाडी कोण नेतंय, असं बरेच जण म्हणतात. नवीन गाड्यांच्या किल्लीत चिप असते, ती चिप ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. आपल्या जुन्या गाड्यांत तसलं काही नाही. वर्षानुवर्षं वापरून दाराचं आणि इग्निशनचं कुलूप इतकं झिजलेलं असतं की दुसऱ्याच गाडीची किल्ली थोडी हलवली की फिरते. शिवाय जुन्या मॉडेलचे गिअरबॉक्स, हाउसिंग, दारं यांना मागणी असते. गाडी खोलली की तिचा माग राहत नाही. आणि आपला भाग असा की उदगीर-निलंग्याच्या पुढं कर्नाटक, देगलूरच्या पुढं तेलंगणा. रात्री बाराला नेलेली गाडी उजाडायच्या आत दुसऱ्या राज्यात असते.

पहिल्यांदा लॉक सेट बदलला. इग्निशन, दोन्ही दारं आणि डिझेल टाकीचं झाकण, सगळ्यांना एकच किल्ली. बाकीचं काही जमलं नाही तरी एवढं करावं, कारण झिजलेल्या कुलपावर वरून कितीही सामान लावलं तरी दार उघडंच राहतं. सेटसोबत आलेल्या दोन्ही किल्ल्या आणि बिल जपून ठेवावं. विम्याला लागतं, ते पुढं येईलच.

मग गिअर लॉक. लातूरला बसवून साधारण दोन हजार गेले. रिव्हर्स टाकून पिन आत दाबली की गिअरचा दांडा हलत नाही. वस्तू चांगली आहे, पण जुन्या पिकअपला बसवताना एक गोष्ट बघावीच लागते. लॉकचा ब्रॅकेट फ्लोअरच्या पत्र्याला बोल्ट मारून बसवतात आणि आपल्या गाड्यांचा तो पत्रा चिखलापाण्यानं खालून खाल्लेला असतो. पहारीनं एक हिसका दिला की लॉक पत्र्यासकट वर येईल. मी वेल्डिंगवाल्याकडून खालून जाड प्लेट मारून घेतली आणि मग बोल्ट घातले. बोल्टही असे घ्यायचे की पूर्ण आवळल्यावर त्यांचं डोकं तुटून पडतं, म्हणजे पाना लावायला जागाच राहत नाही. सोयाबीनच्या राशीची धूळ किल्लीच्या भोकात बसते आणि लॉक अडकायला लागतं. तिथं तेल सोडू नये, तेलावर धूळ जास्त धरते. पेन्सिलीच्या शिशाची पूड फुंकून घातली की महिनाभर मऊ चालतं.

पण गिअर लॉक दिवसभर कुणी लावत नाही. आमचे ड्रायव्हर मामा वयानं मोठे, गाडीला जिवापाड जपणारे, त्यांनी मला सरळ सांगितलं, "मालक, दहा दुकानाला थांबायचं, दहा बारी वाकून कुलूप कोण लावत बसावं? रातच्याला लावतो, पण दिवसा हुईना." त्यांचं बरोबर आहे. कोथिंबिरीच्या जुड्या उतरवायला दोन मिनिटं थांबलेल्या माणसाकडून ही अपेक्षाच चुकीची. दिवसाला दुसरं काहीतरी हवं होतं आणि माझ्या मते सगळ्या सामानात सर्वांत जास्त कामाचं तेच ठरलं.

ते म्हणजे चोर बटण. माझ्या गाडीचा डिझेल पंप मेकॅनिकल आहे. पंपावर एक सोलेनॉइड, म्हणजे करंटवर उघडणारा व्हॉल्व्ह असतो. किल्ली फिरवली की त्याला करंट मिळतो, तो उघडतो आणि डिझेल पुढं जातं. करंट तुटला की डिझेल बंद, इंजिन बंद. त्या सोलेनॉइडच्या वायरीत मधेच एक बटण घालायचं आणि ते नजरेस पडणार नाही अशा जागी बसवायचं, एवढंच. सामान आणि मजुरी धरून पाचशेच्या आत काम झालं. बटण कुठं आहे ते मी आणि मामा सोडून कुणाला माहीत नाही, इथंही सांगणार नाही.

बरेच इलेक्ट्रिशियन स्टार्टरची वायर तोडून बटण देतात, कारण ते सोपं पडतं. ते घेऊ नका. स्टार्टरची दोन टोकं स्क्रू ड्रायव्हरनं जोडली की तो फिरतो, आणि नाहीच फिरला तर चौघांनी धक्का मारून जुनं डिझेल इंजिन सुरू होतं. सोलेनॉइड बंद असेल तर धक्का मारून काही उपयोग नाही, पंपातून डिझेलच येत नाही. माहीतगार चोर बॅटरीवरून थेट सोलेनॉइडला वायर देऊ शकतो, म्हणून त्याच्या टर्मिनलवर पत्र्याची टोपी करून घेतली आणि बटणाची वायर आधीच्या वायरीच्याच रंगाची, जुन्या जुडग्यातून नेली. नवी कोरी लाल वायर वेगळी लोंबत असेल तर चोराला रस्ता दाखवल्यासारखं होतं.

या बटणाला दोन पथ्यं आहेत. पहिल्यांदा बसवलेलं बटण साधं, उघड्या पॉइंटचं होतं. पावसाळ्यात त्याच्या आत हिरवा गंज धरला आणि भरल्या गाडीत, चालत्या रस्त्यावर इंजिन बंद पडलं. इंजिन बंद पडलं की ब्रेकला पायाचा जोर वाढवून देणारा बूस्टरही बंद होतो, पायडल दगडासारखं होतं. मामांनी गाडी शांतपणे कडेला घेतली म्हणून बरं. त्यानंतर पाणी न जाणारं, रबरी टोपीचं बटण घातलं, ते आजवर नीट आहे. दुसरं पथ्य उन्हाळ्याचं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं बॉनेटखाली काय तापतं ते सांगायला नको. चिकटपट्टीचा गोंद वितळून जोड उघडे पडतात. जोड सोल्डर करून वरून आकसणारी नळी चढवून घ्यावी. रोज रात्री मी एक तपासणी करतो. बटण बंद ठेवून किल्ली ऑन करायची. पंपाकडून 'टक्' असा बारीक आवाज यायला नको. आला तर बटण काम करत नाही असं समजावं.

सोयाबीनच्या दिवसांत मोंढ्यात नंबर लागायला रात्र काढावी लागते. अशाच एका रात्री मामा हमालांच्या शेडमध्ये झोपले होते आणि मी गावाकडं. पहाटेच्या आधी माझ्या मोबाईलवर गाडीत बसवलेल्या जीपीएस ट्रॅकरचा मेसेज आला, इग्निशन ऑन. मामांना फोन लावला, ते धावत गेले, तोवर दोघं-तिघं अंधारातून पळाले. मी सकाळी जाऊन पाहिलं तर स्टीअरिंगखालचं प्लास्टिकचं कव्हर दोन तुकडे होऊन पायाशी पडलेलं. इग्निशनच्या वायरी बाहेर ओढून, सोलून, तांब्याचे तार एकमेकांत पिळलेले. गिअर लॉकच्या पिनेवर पहारीचे चकचकीत ओरखडे. स्टार्टर बराच वेळ फिरवला असणार, बॅटरी मेल्यागत झाली होती. इंजिन काही सुरू झालं नाही. मोंढ्यातले जुने ड्रायव्हर गोळा झाले, त्यांनीही पाहिलं. पोलिसांत तक्रार दिली. त्या आठवड्यात त्यातल्या बऱ्याच जणांनी आपापल्या गाड्यांना बटणं बसवून घेतली, याचं मला फार समाधान आहे.

आता जीपीएस. 4जी सिमचा, आत छोटी बॅटरी असलेला ट्रॅकर घेतला. वस्तू आणि पहिल्या वर्षाचं रिचार्ज धरून तीन हजारांच्या आसपास. याच्याबद्दल माझं मत मधलं आहे. तो चोरी थांबवत नाही, चोरी चाललीय हे सांगतो. मोंढ्यात त्याचा फायदा झाला कारण मामा गाडीपासून हाकेच्या अंतरावर होते. गाडी घाटात, नेटवर्क नसलेल्या जागी असेल तर मेसेज उशिरा येतो. तरीही ठेवावा असं म्हणेन, पण बसवताना तीन गोष्टी स्वतः उभं राहून करून घ्याव्यात.

बसवणारे लोक तो स्टीअरिंगखाली चिकटवून मोकळे होतात आणि चोर पहिला हात तिथंच घालतो. वर लोखंडी पत्रा नसेल, प्लास्टिक असेल अशी खोलातली जागा शोधायची, म्हणजे आकाशातून सिग्नल मिळतो. दुसरं, तुम्ही रात्री बॅटरीचा कट-ऑफ स्विच बंद करत असाल तर ट्रॅकरची वायर त्या स्विचच्या आधी, थेट बॅटरीवरून फ्यूज घालून घ्यायची. नाहीतर स्विच बंद केल्यावर ट्रॅकर आतल्या बॅटरीवर काही तास चालेल आणि नेमका पहाटे मुका होईल. माझ्या ओळखीच्या एका गाडीत हेच झालेलं होतं.

तिसरं सर्वांत महत्त्वाचं. ट्रॅकरसोबत रिले, म्हणजे करंट तोडणारा स्विच देतात, मोबाईलवरून इंजिन बंद करता येतं असं सांगतात. बऱ्याच ट्रॅकरमध्ये गाडीचा वेग उतरल्यावरच रिले तुटते, ते विकणाऱ्याला दाखवायला लावा. चालती गाडी लांबून बंद केली तर ब्रेक जड होतात हे वर लिहिलंच आहे. चोर असला तरी समोरून येणारा मोटारसायकलवाला कुणाचा तरी पोरगा असतो. मी रिले जोडलीय, पण गाडी थांबल्याचं नकाशावर दिसल्याशिवाय ते बटण दाबायचं नाही, असं घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय.

खरं तर अख्खी गाडी जाण्यापेक्षा बॅटरी, स्टेपनी आणि डिझेल जाण्याचे प्रकार आपल्याकडं रोजचे. स्टेपनीला जाड साखळी आणि पितळी कुलूप, बॅटरीला लोखंडी पट्टी, टाकीच्या गळ्यात वेल्डिंग करून जाळी, म्हणजे नळी आत जात नाही. गळीत हंगामात रात्रभर उसाचे ट्रॅक्टर चालतात, इंजिनच्या आवाजानं कुणी उठत नाही. त्या चार महिन्यांत अंगणात सोलरचा सेन्सरवाला दिवा लावला. माणूस जवळ आला की पेटतो. लाईट गेलेल्या रात्री त्याचा आधार वाटतो.

विम्याचं नीट समजून घ्या. नुसत्या थर्ड पार्टी विम्यात चोरीचा एक रुपया मिळत नाही. आपल्या गाडीचं नुकसानही धरणारी पॅकेज पॉलिसी लागते. 5 वर्षांवरच्या गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, कंपनी आणि मालक यांनी मिळून ठरवायची असते, म्हणून एजंट टाकील तो आकडा मान्य करू नका, बाजारभाव सांगून वाढवून घ्या. एआरएआय या वाहनं तपासणाऱ्या संस्थेच्या मान्यतेचं चोरीरोधक उपकरण असेल तर ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या, प्रीमियममध्ये 2.5 टक्के, जास्तीत जास्त 500 रुपये सूट असते. बाजारातल्या साध्या गिअर लॉकला ते सर्टिफिकेट नसतं, त्यामुळं मला मिळाली नाही. चोरीच्या क्लेमला कंपनी दोन्ही किल्ल्या मागते. लॉक सेट बदलला असेल तर तसं कंपनीला लेखी कळवून पोच घ्यावी. मी ईमेल करून ठेवलाय.

गाडी गेलीच तर आधी 112 आणि लगेच ठाण्यात जाऊन एफआयआर. मालवाहू किंवा प्रवासी वाहनाची चोरी आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 305 मध्ये येते, शिक्षा 7 वर्षांपर्यंत आहे. एफआयआर लगेच दिलेला असेल आणि कंपनीला कळवायला उशीर झाला, तर तेवढ्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये सांगितलंय. तपास लागला नाही तर गुन्हा खरा पण छडा लागला नाही असं सांगणाऱ्या पोलिसांच्या 'अ समरी' अहवालाची प्रत क्लेमला लागते. 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट सक्तीची आहे, तीही बसवलीय. चोर पहिल्यांदा प्लेटच बदलतो आणि ही प्लेट एकदा काढली की तिचं स्नॅप लॉक तुटतं. चेसिस नंबर मी काचांवर कोरून घेतलाय आणि हौद्याच्या आतून, फाळक्याजवळ, पंचनं ठोकून घेतलाय.

कमी पैसे असतील तर लॉक सेट आणि चोर बटण आधी करा, गिअर लॉक नंतर, जीपीएस त्याच्याही नंतर. माझ्या ट्रॅकरचं रिचार्ज पुढच्या महिन्यात संपतंय. ते भरणार आहे. एका खात्याला तीन मोबाईल जोडता येतात असं दुकानदार म्हणालाय, तर या वेळी मामांचा नंबरही त्यात टाकून घेतो, म्हणजे मोंढ्यात झोपल्या जागी मेसेज थेट त्यांनाच जाईल.