संयुक्त राष्ट्रांची डिजिटल लायब्ररी: खेळबंदीच्या अभ्यासाला कितपत उपयोगी?

वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेवरच्या खेळबंदीबद्दल आपल्याकडे लिहिताना बहुतेकांची गाडी दोन किश्श्यांवर थांबते: १९७४चा टेनिसचा डेव्हिस कप आणि इंग्लंडच्या क्रिकेट संघाचा १९८८चा रद्द झालेला भारत दौरा. सरकारांनी एकमेकांत नेमकं काय लिहून ठेवलं होतं, ते पाहायचं तर संयुक्त राष्ट्रांची डिजिटल लायब्ररी आधी उघडावी. फुकट आहे, लॉगिन लागत नाही, पीडीएफ थेट उतरवता येते.

फक्त शोधायचं कसं ते माहीत हवं. नुसतं 'अपार्थाइड' आणि 'स्पोर्ट्स' टाकलंत तर अहवाल, पत्रं, भाषणं यांचा ढीग अंगावर येतो. त्यापेक्षा ठरावाचा क्रमांक टाका. खेळातल्या वर्णभेदाविरुद्धचा १९७७चा आंतरराष्ट्रीय जाहीरनामा ३२/१०५ या ठरावाच्या 'एम' भागात आहे, त्याच विषयावरचा १९८५चा करार ४०/६४ च्या 'जी' भागात, परिशिष्ट म्हणून. क्रमांकाआधी 'ए/आरईएस/' रोमन लिपीत लावायचं आणि भागाचं अक्षर गाळायचं, कारण सगळे भाग सहसा एकत्रच सापडतात. वर्णभेदविरोधी विशेष समितीचे कागद 'ए/एसी.११५' पासून सुरू होतात.

करार मुळातूनच वाचावा. सहाव्या कलमात दक्षिण आफ्रिकेत खेळून आलेल्या स्वतःच्याच खेळाडूंचं काय करायचं ते आहे: पैसा बंद, राष्ट्रीय क्रीडासुविधांवर निर्बंध, पुरस्कार नाहीत, सरकारी स्वागत नाही. दहावं कलम आणखी कडक. तिथे खेळून आलेल्या तिसऱ्या देशाच्या खेळाडूलाही दार बंद! करार ३ एप्रिल १९८८ ला अमलात आला आणि त्याच सप्टेंबरात भारताने कर्णधार गूचसह इंग्लंडच्या आठ जणांना व्हिसा नाकारला. पण तारखा जवळ आहेत म्हणून कार्यकारणभाव जोडायची घाई नको. १९८१ मध्येही जेफ बॉयकॉट आणि जेफ कुक या इंग्लंडच्या खेळाडूंच्या दक्षिण आफ्रिकेशी असलेल्या संबंधांवरून दौरा अडचणीत आला होताच.

विशेष समितीने दक्षिण आफ्रिकेशी १९८० पासून झालेल्या क्रीडासंपर्कांची, म्हणजे तिकडे खेळलेल्यांच्या नावांची, नोंदवही काढली, तिथे जास्त जपून. खेळाडूने पुन्हा तिकडे जाणार नाही असं लेखी दिलं की त्याचं नाव वगळलं जाई. त्यामुळे एकच अंक पाहून 'अमका काळ्या यादीत होता' असं ठोकून देऊ नये, पुढचे अंकही पाहावेत. शिवाय जुनी पानं स्कॅन केलेली. पीडीएफमध्ये नाव शोधून लागलं नाही, तर पान डोळ्यांनी वाचण्याला पर्याय नाही.

१९७७चा ग्लेनईगल्स करार मात्र राष्ट्रकुलाचा, तो इथे मुख्य दस्तऐवज म्हणून शोधू नका. त्याची भाषा मुळातच सैल: संपर्क होऊ नये म्हणून शक्य ती व्यावहारिक पावलं उचलायची, आणि कोणती ते ज्याच्या त्याच्या सरकारने आपल्या कायद्यानुसार ठरवायचं. याच फटीतून न्यूझीलंडच्या मल्डून सरकारने १९८१ मध्ये स्प्रिंगबॉक या दक्षिण आफ्रिकेच्या रग्बी संघाला आपल्या देशात येऊ दिलं.

भारतीय बाजूसाठीही ही लायब्ररी अपुरीच. १९७४ मध्ये पुण्यात सोव्हिएत संघाला हरवून अंतिम फेरी गाठलेला आपला संघ दक्षिण आफ्रिकेविरुद्ध उतरलाच नाही. अशा निर्णयांवर खासदार काय बोलले, ते संसदेच्या डिजिटल लायब्ररीत लोकसभेच्या कामकाजात तारीखवार चाळावं. कोणत्या देशाने करारावर सही केली, कधी मान्यता दिली, हेही ठरावाच्या पीडीएफमध्ये मिळत नाही; त्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्याच करारसंग्रहात प्रकरण ४, क्रमांक १० उघडा.